परक्या फौजेचा खर्च आणि उपहासचित्रांची साक्ष

अक्कलकोट तालुक्यांतील दुधनी हें गांव आज सोलापूर–वाडी लोहमार्गावरील एक स्थानक व धान्याच्या अडतीचा बाजार म्हणून लोकांस माहीत आहे. इतिहासाच्या अभ्यासकानें मात्र तें सीमेवरचें गांव म्हणून ध्यानांत ठेवावें. इ. स. १९४८ पर्यंत अलीकडे अक्कलकोटकर भोसल्यांचा मुलूख व पलीकडे निजामाचा गुलबर्गा जिल्हा, म्हणजे आतांचें कलबुर्गी, अशी येथील स्थिति होती. बाजारांत मराठी व कानडी या दोन्ही भाषा जशा शेजारीं नांदतात, तसेच या टापूंत दुसऱ्याच्या फौजेसाठीं पैसा मोजण्याचे दोन निरनिराळे हिशेब शेजारीं नांदत होते.

पहिला हिशेब अक्कलकोटचा. या संस्थानानें सातारकर महाराजांच्या चाकरीस स्वार द्यावे असा करार होता. सातारचें राज्य खालसा झाल्यावर ती चाकरी इंग्रज सरकारकडे गेली. पुढें स्वार मोडले, आणि त्यांच्या ऐवजीं दरसाल १४,५९२ रुपये भरण्याचें ठरलें. घोडे गेले, स्वार गेले, रक्कम राहिली. दुसरा हिशेब निजामाचा, व तो याहून पुष्कळ मोठा. त्याच्या मुलुखांत त्याच्याच पैशावर, परंतु इंग्रज अंमलदारांच्या हुकुमांत, ‘कंटिंजंट’ नांवाची फौज राहत असे. तिचा वार्षिक खर्च सुमारें ४० लाख रुपयांपर्यंत चढला, आणि त्या खर्चाच्या थकबाकीपायीं वऱ्हाड प्रांत हातचा गेला.

या दोन्ही हिशेबांचे कागद आहेत, तहनामे आहेत, रेसिडेंटांचे अहवाल आहेत. ज्यांनीं हा पैसा भरला त्या रयतेच्या मनांतला उपहास मात्र चित्ररूपानें आमच्या पाहण्यांत आला नाहीं. उलट ज्या राष्ट्रानें हे तहनामे आमच्याकडून लिहवून घेतले, त्याच राष्ट्रांत अगोदरचीं साठ वर्षें हाच विषय, म्हणजे परक्या शिपायांवर होणारा सरकारी खर्च, ताम्रपत्र्यांवर कोरून दुकानांच्या खिडक्यांत टांगला जात होता. या इंग्रजी उपहासचित्रांकडे आमचे संग्राहक दोन दृष्टींनीं पाहतात. कोणी त्यांस करमणुकीची वस्तु समजतात. कोणी त्यांतील मजकूर पुरावा म्हणून जसाच्या तसा उतरून घेतात. आमच्या मतें या दोन्ही रीती चुकीच्या आहेत. चित्राची खरी परीक्षा एका प्रश्नानें होते: या चित्राचें बोट शिपायाच्या तोंडाकडे आहे, कीं हिशेबाच्या वहीकडे? या कसोटीवर कांहीं प्रसिद्ध चित्रें घासून पाहावीं व तीच कसोटी आपल्या घरच्या साधनांसही लावावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज हा जर्मनींतील हानोव्हर संस्थानाचाही इलेक्टर होता. ऑस्ट्रियाच्या वारसाहक्काचें युद्ध चालू असतां इ. स. १७४२ मध्यें कार्टरेटच्या प्रधानमंडळानें हानोव्हरचे १६,००० शिपाई इंग्लंडच्या पगारावर घेतले. राजा तोच, शिपाई त्याचेच. पगार मात्र इंग्रज करदात्याचा. यावर पार्लमेंटांत पिट (थोरला) याने कडक हल्ला केला. त्या काळीं पार्लमेंटांतील भाषणें उघडपणें छापण्यास मनाई होती, म्हणून ‘जंटलमन्स मॅगझिन’ मासिकानें तीं लिलिपुट देशच्या सभेचीं भाषणें म्हणून छापलीं, व त्यांतील बरींच सॅम्युएल जॉन्सनच्या लेखणींतून उतरलीं. गद्यास असा बुरखा घ्यावा लागत असतां चित्रकारांस सोंगें आणण्यास अवघड काय? हानोव्हरचें राजचिन्ह पांढरा घोडा. तो त्यांस आयताच मिळाला.

इ. स. १७४३ च्या जून महिन्यांत डेटिंगेनची लढाई झाली. राजानें त्या दिवशीं हानोव्हरचा पिवळा पट्टा धारण केला होता असा लंडनांत बोभाटा झाला, व त्यावर चित्र निघालें. दुसरें चित्र ‘कन्फेक्शनर जनरल’ या नांवाचें. इल्टन नांवाच्या हानोव्हरच्या सेनापतीनें इंग्रज गार्ड पलटणीस लढाईंत पुढें जाऊं दिलें नाहीं असा आरोप होता, आणि आपण ती राखली असें त्याचें म्हणणें होतें. ‘राखणें’ या अर्थाचा इंग्रजी शब्द फळें पाकांत मुरविण्यासही लावतात. म्हणून शिपायांनीं त्यास मुरंबेवाला सेनापति ठरविलें. या दोन चित्रांत आम्ही दुसऱ्यास अधिक मान देतों. पिवळ्या पट्ट्याच्या चित्रांत केवळ परकेपणाची चीड आहे. मुरंब्याच्या चित्रांत विनोद हलका असला तरी त्याच्या पोटीं खरा प्रश्न आहे: पगार देणाऱ्याच्या पलटणींवर हुकूम पगार घेणाऱ्यानें करावा काय? तथापि पैशाचा आंकडा दोहोंतही नाहीं.

इ. स. १७५६ त फ्रान्सच्या स्वारीच्या भीतीनें हेसे व हानोव्हर येथील पलटणी खुद्द इंग्लंडांत आणून ठेवण्यांत आल्या. त्या वर्षीं मेडस्टन येथें हानोव्हरच्या एका शिपायावर रुमाल चोरल्याचा आरोप आला. परंतु इंग्रज न्यायासनापुढें त्याचा निकाल होण्यापूर्वींच मंत्र्याच्या हुकुमानें त्यास सोडून त्याच्या वरिष्ठांच्या हवालीं केलें. रुमालांची किंमत ती काय! पण त्यावरून चित्रांचा व चोपड्यांचा पूर लोटला, आणि तो योग्यच होता. ज्याचा पगार आम्ही देतों त्यास आमचा कायदा लागू नाहीं, हें त्या क्षुल्लक चोरीनें उघडें पडलें. याच सुमारास मॅथ्यू डार्ली या विक्रेत्यानें जॉर्ज टाउनशेंड प्रभृतींच्या कल्पनांवरून पत्त्यांच्या आकाराचीं लहान उपहासचित्रें काढलीं, व पुढें १७५६–५७ चा राजकीय इतिहास म्हणून त्यांचा संग्रह छापला. खिशांत मावणारीं व टपालानें धाडतां येणारीं हीं चित्रें राजधानीबाहेर पोंचलीं, हें त्यांचें महत्त्व. गुणांनीं पाहतां त्यांतील पुष्कळ कोडीं आहेत. किल्ली हरवली कीं अर्थ हरवला.

अमेरिकेच्या युद्धांत हाच व्यवहार मोठ्या प्रमाणावर झाला. इ. स. १७७६ च्या जानेवारींत ब्रन्स्विक व हेसे-कासेल या संस्थानिकांशीं करार होऊन शिपाई भाड्यानें घेण्यांत आले. युद्ध संपेपर्यंत असे सुमारें ३०,००० जर्मन शिपाई अमेरिकेंत गेले. ब्रन्स्विकच्या करारांत दर माणशीं ३० क्राउन भरतीचे, मेलेल्याबद्दल वेगळी भरपाई, आणि तीन जखमी म्हणजे एक मेला असें समजावें, असें कलम होतें. उपहासकारास याहून भयंकर सामग्री कोणती हवी? परंतु १७७८ त डार्लीनें छापलेलें ‘हेसियन ग्रेनेडिअर’ हें चित्र पाहावें, तर त्यांत एका परक्या शिपायाचें बेढब सोंग तेवढें आहे. तीन जखमींचा एक मुडदा करणारी वही चित्रकाराच्या शेजारींच उघडी होती. त्यानें ती पाहिली नाहीं, शिपायाच्या पेहरावाकडे पाहिलें. आमच्या कसोटीस हें चित्र उतरत नाहीं.

कसोटीस पूर्णपणें उतरणारीं चित्रें मिळतात तीं जेम्स गिलरेचीं. फ्रान्सशीं युद्ध जुंपल्यावर पिट (धाकटा) यानें युरोपांतील राजांस पैसा पुरवून फौजा उभ्या करण्याचें धोरण धरलें. इ. स. १७९४ च्या एप्रिलांत प्रशियाशीं तह झाला; ६२,४०० फौजेबद्दल दरमहा ५०,००० पौंड ठरले; कांहीं महिन्यांत प्रशियानें अंग काढून घेतलें. १७९५ त ऑस्ट्रियास ४६ लक्ष पौंडांचें कर्ज उभारून देण्यांत आलें. १७९६ च्या डिसेंबरांत असें उघडकीस आलें कीं, पार्लमेंटची संमति न घेतां आणखी १२ लक्ष पौंड ऑस्ट्रियाच्या बादशहास पोंचते झाले आहेत.

याच दिवसांतलें, १७ नोव्हेंबर १७९६ चें, गिलरेचें अंदाजपत्रकावरील चित्र पाहा. जॉन बुल, म्हणजे इंग्रज रयत, फ्रेंच येतात या धाकानें अंगावरची विजार उतरून पिटच्या हवालीं करीत आहे. पिटजवळ भली मोठी थैली आहे. आणि थैलीच्या मागल्या बाजूनें डंडास, ग्रेनव्हिल व बर्क हे हात घालून पैसा उपसत आहेत. पुढचें ९ मार्च १७९७ चें चित्र तर आम्ही या जातीचा शिरोमणि समजतों. बँक ऑफ इंग्लंडनें फेब्रुवारी १७९७ त नोटांबद्दल सोनें देणें बंद केलें होतें. पिट हा मायडास राजा झाला आहे, त्याचें पोट नाण्यांनीं तट्ट भरलें आहे, आणि तो बँकेवर पाय फांकून कागद ओकीत आहे. पुराणांतला मायडास शिवेल तें सोनें करी. हा सोन्याचा कागद करतो. दोन्ही चित्रांत परका शिपाई औषधासही नाहीं. ज्याचा पैसा गेला त्याचें उघडें शरीर आणि ज्यानें घेतला त्याचें भरलेलें पोट, इतकेंच दाखविलें आहे. सोनें गेलें कोठें, हा प्रश्न पाहणाऱ्यानें स्वतः विचारावा. बँकेच्या संचालकांनीं बादशहास होणाऱ्या भरण्यांबद्दल पिटकडे आधींच तक्रारी केल्या होत्या, हें ज्यास ठाऊक त्यास उत्तरही मिळतें.

एवढी स्तुति केल्यावर एक इशारा देणें आमचें कर्तव्य आहे. हाच गिलरे १७९७ पासून कांहीं वर्षें कॅनिंगच्या मध्यस्थीनें सरकारी वेतन घेत होता, व त्या काळांत त्याची सुई विरोधी पक्षाकडे अधिक वळली. तैनाती फौजेप्रमाणें तैनाती उपहासही असतो. म्हणून उपहासचित्र हा लोकमताचा आवाज, असें सरसकट समजणें हा भोळेपणा होय. चित्र कोणी काढलें याबरोबरच तें कोणाच्या पैशावर निघालें, हेंही विचारावें. परक्या शिपायास जो प्रश्न विचारावयाचा तोच चित्रकारास.

आतां आपल्या देशाकडे वळूं. इ. स. १७७४ त कंपनीनें आपली फौज अयोध्येच्या शुजाउद्दौल्यास रोहिल्यांवर चालून जाण्यासाठीं ४० लाख रुपये व दरमहा २ लाख १० हजार खर्च या बोलीनें दिली. येथें कंपनी स्वतःच हेसेच्या संस्थानिकाच्या जागीं उभी आहे! पुढें १ सप्टेंबर १७९८ च्या तहानें निजामानें सहा पलटणींबद्दल दरसाल २४,१७,१०० रुपये देण्याचें मान्य केलें. १८०० त आणखी फौज वाढवून रोकडीच्या ऐवजीं मुलूखच तोडून दिला. ३१ डिसेंबर १८०२ रोजीं वसईस बाजीरावानें सहा पलटणींबद्दल २६ लाखांचा मुलूख लावून दिला. पिटच्या तहांत पैसा देणारा निदान पैसा बंद करूं शके, व प्रशियानें कुचराई केल्यावर तसें झालेंही. येथें देणाऱ्यानें मुलूखच देऊन टाकल्यावर बंद करावयाचें काय?

निजामाच्या १८०० च्या तहांतलें एक कलम आमच्या कसोटीस फार उपयोगी आहे. ही फौज किरकोळ कामास लावूं नये, व शिबंदीप्रमाणें वसुलासाठीं मुलुखांत ठेवूं नये, अशी त्यांत अट आहे. शिबंदी हा आपला शब्दच इंग्रजी मसुद्यांत गेला आहे. परिणाम असा कीं, लाखों रुपयांचा मुलूख देऊन घेतलेली फौज घरच्या बंदोबस्तास निरुपयोगी, म्हणून त्या कामास दुसरी फौज हवी. ती दुसरी फौज म्हणजेच पुढें वाढलेली कंटिंजंट, व तिचा खर्च पुन्हां निजामाच्याच माथीं. एकाच पहाऱ्याचे दोन पगार! २१ मे १८५३ च्या तहानें वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब हे प्रांत या खर्चापोटीं इंग्रजांकडे लावून देण्यांत आले. दुधनीच्या उत्तरेकडील नळदुर्ग त्यामुळें कांहीं काळ इंग्रजी अंमलांत होता. कादंबरीकार मेडोज टेलर तेथें अधिकारी होता. १८६० त धाराशिव व रायचूर परत मिळाले, पन्नास लाखांचें देणें रद्द झालें, वऱ्हाड मात्र राहिलें. आणि १९०२ त तें दरसाल २५ लाखांच्या कायम पट्ट्यानें इंग्रजांच्याच हातीं पक्कें झालें. थोड्याच दिवसांत कंटिंजंट ही निराळी फौज म्हणून उरली नाहीं. अक्कलकोटचे स्वार व निजामाची कंटिंजंट यांची गति एकच: फौज गेली, किंमत राहिली.

लंडनच्या चित्रकारांनीं या हिशेबाची थट्टा केली काय? गिलरेचीं हिंदुस्थानविषयक दोन चित्रें प्रसिद्ध आहेत. ११ मे १७८६ च्या चित्रांत वॉरन हेस्टिंग्ज उंटावर बसला असून बर्क, फॉक्स व नॉर्थ हे लुटारूंच्या वेषांत त्याजवर तुटून पडले आहेत. हेस्टिंग्जजवळच्या पिशवीवर महसुलांत भर घातलेल्या लाखों रुपयांचा उल्लेख आहे. १७९१ च्या डिसेंबरांतील चित्रांत श्रीरंगपट्टणाहून कॉर्नवॉलिस माघार घेतो त्याची टवाळी आहे. पहिल्या चित्रांत वही आहे, पण ती जमेच्या पानावर उघडी आहे. खर्चाचें पान, म्हणजे तो पैसा कोणाच्या अंगावरून उतरला हें, तींत नाहीं. जॉन बुलची विजार ज्यास दिसली त्यास रोहिलखंडाच्या किंवा दख्खनच्या कुणब्याचें धोतर दिसलें नाहीं. कॉमन्स सभेनेंही त्याच वर्षाच्या जूनमध्यें रोहिल्यांच्या युद्धाचा आरोप फेटाळला, हें येथें आठवावें.

मग आमच्याकडे काय होतें? तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापण्याची विद्या पुण्यास अपरिचित नव्हती. नाना फडणिसांच्या प्रेरणेनें सुरू झालेली व १८०५ त मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयानें ताम्रपत्र्यांवरून छापून निघालेली भगवद्गीता संग्राहकांस परिचितच आहे. मॅलेट व वेल्स यांच्याजवळ काम करणारा पुण्याचा गंगाराम तांबट हा चित्रकारही त्याच काळचा. म्हणजे वसईचा तह झाला तेव्हां महाराष्ट्रांत पत्रा होता, सुई होती, हातही होता. त्या हातांनीं गीता छापली, उपहास छापला नाहीं. याचें कारण विनोदबुद्धीचा अभाव, असें कोणी म्हणेल तर तें आम्हांस मान्य नाहीं. रामजोशांसारखा शाहीर ज्या सोलापुरानें दिला, तेथें विनोदाची वाण नव्हती. कारण निराळें. इंग्लंडांत खर्च मंजूर करणारी सभा होती, म्हणून खर्चावर वाद होता. वाद होता म्हणून चित्रास गिऱ्हाईक होतें. येथें २६ लाखांचा विचार दहा-पांच माणसांत झाला व दफ्तरांत बांधला गेला. ज्या हिशेबावर प्रश्न विचारण्याचा अधिकारच नाहीं, त्याचें चित्र कोणासाठीं काढावें?

याचा दोष आमच्या इतिहासलेखनासही लागला आहे. तैनाती फौजेसंबंधीं आपण पुष्कळ लिहितों; पण त्यांतील बराच भाग टोपीकरांच्या कावेबाजपणाचें व बाजीरावाच्या भ्याडपणाचें वर्णन असतें. म्हणजे पुन्हां तोंडाचीच थट्टा! तोडून दिलेल्या मुलुखाचा वसूल किती, पलटणींचा खरा खर्च किती, वरकड रक्कम गेली कोठें, हे प्रश्न मागें राहतात. पुढें छापखाने आले, ठाण्याचा ‘हिंदु पंच’ निघाला, व मुंबईचा ‘पारशी पंच’ १८८८ पासून ‘हिंदी पंच’ झाला. १८९६ त हिंदी पलटणी सुआकिनला धाडल्या व त्यांचा नेहमींचा खर्च हिंदुस्थानच्याच तिजोरींतून घेतला, तेव्हां परक्या मुलुखांत जाणारी फौज आमची व खर्चही आमचाच, असा नवा प्रकार झाला. वेल्बी कमिशनपुढें १८९७ त गोखल्यांनीं लष्करी खर्चावर साक्ष दिली. त्या वर्षांचे या पत्रांचे अंक याच कसोटीनें तपासले पाहिजेत: त्यांतील बोट गोऱ्या सोजिराच्या मिशांकडे आहे, कीं गोखल्यांनीं दाखविलेल्या आंकड्यांकडे?

संग्राहकांस शेवटीं तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, चित्राचे समास कापूं नयेत. १७३५ च्या कायद्यापासून इंग्लंडांत खोदचित्राखालीं प्रसिद्ध करणाराचें नांव व तारीख घालण्याची रीत आली. चौकटींत बसविण्यासाठीं ती ओळ कापणें म्हणजे तहनाम्याची मिति फाडून टाकणें होय. दुसरी, गिलरेचें चित्र बिनरंगी असून कागदाच्या दोन्ही बाजूंस छापलेलें आढळल्यास तें बहुधा मूळ विक्रीचें नसून बोननें १८५१ त जुन्या पत्र्यांवरून काढलेल्या आवृत्तीचें समजावें. स्टीफन्स व डोरोथी जॉर्ज यांनीं केलेली ब्रिटिश म्युझियमची अकरा खंडांची यादी हाताशीं असावी. तिसरी व मुख्य, चित्र एकटें ठेवूं नये. त्याच्याशेजारीं त्या सालचा तह, पगारपत्रक किंवा अंदाजपत्रक ठेवावें. चित्रांतील आंकडा त्यावरून तपासावा, आणि आंकड्याच्या मागची चीड चित्रावरून समजून घ्यावी. एकास दुसऱ्याचें काम सांगूं नये.

दुधनीसारख्या बाजारगांवांतील जुन्या पेढ्यांत व वाड्यांत वहीखातीं अद्याप बासनांत असतात, आणि त्यांतच कोठें जुन्या सचित्र साप्ताहिकाचें सुटें पान दडपलेलें असतें. रद्दी काढतांना वही ठेवावी व चित्र विकावें, किंवा चित्र ठेवून वही जाळावी, असें होऊं नये. तीन जखमींचा एक मुडदा वहीशिवाय कळत नाहीं, आणि जॉन बुलची लाज चित्राशिवाय कळत नाहीं. १४,५९२ रुपयांच्या त्या ओळीचें चित्र कोणी काढलें नाहीं. निदान ती ओळ तरी आपण हरवूं नये.